राक्षसाच्या आत कोण असतं

माझं बूड एका जागी टिकत नाही, अशी माझ्या आईची तक्रार असायची आणि ती खरी होती. असं असूनही मी धंदा पत्करला तो बसून करायचा. डहाणूच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन मोठ्या दुकानांच्या मधली फट. त्या फटीत मी, माझा टेबललॅम्प आणि शाळा सुटल्यावर माझी मुलगी. माझा एक पाय सतत हलत असतो. मुलगी ओरडते, "पप्पा, टेबल हलतंय, मला नीट दिसत नाहीये."

तिला दिसायला हवं असायचं ते कार्टून. मी आश्रमशाळेत असताना हेच कार्टून आम्हीही बघितलेलं, रविवारी, सगळी पोरं एका टीव्हीपुढे दाटीवाटीने बसून. काही पोरं गावोगाव हिंडतात, जातील तिथे भूत नाहीतर राक्षस निघतो, पोरं आधी घाबरून पळतात आणि शेवटी त्याला सापळ्यात पकडतात. मग त्याचं तोंड धरून ओढलं की ते हातात येतं आणि आतून माणूस निघतो. आम्हाला त्यातली पळापळ आवडायची. माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती आणि तिला पळापळीत काडीचा रस नव्हता. ती थेट शेवट लावून बघायची. आत कोण आहे, तेवढंच तिला हवं असायचं.

त्यातला एक भाग तिने इतक्यांदा बघितला की मलाही पाठ झाला. एका बंद पडलेल्या कारखान्यात शिंगवाला राक्षस फिरतो. कारखान्याचा म्हातारा राखणदार भला माणूस असतो. पोरांना बसायला देतो, गरम काहीतरी प्यायला देतो, सांभाळून राहा म्हणून सांगतो. आणि शेवटी राक्षसाचं तोंड ओढतात तर आत तोच. पोलीस त्याला बेड्या घालून घेऊन जातात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती रडली होती. "पण तो चांगला होता," म्हणाली. "त्याने त्यांना प्यायला दिलं होतं."

मी एका फोनची बॅटरी सोडवत होतो. म्हटलं, "चांगला असल्याचं नाटक करत होता गं."

"नाही. राक्षसाचं नाटक करत होता. चांगला खरंच होता."

मी बॅटरी काढली आणि पाय हलवत बसलो.

चैत्रात बाबांचा फोन आला. माझे वडील तलासरीकडे आमच्या पाड्यावर असतात. हातात दोन फोन उघडे होते म्हणून मी स्पीकर लावला, आणि तिथेच माझं नशीब फिरलं. बाबा म्हणाले, "गुडघं गेलं माझं. औंदा सोंग तुला घ्यावा लागल."

बोहाडा ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात मुखवट्यांची जत्रा होते, तिला बोहाडा म्हणतात. देव, दैत्य, सगळे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर गावातून नाचत जातात. बाकीची सोंगं रात्रीची, पण शेवटच्या दिवशी सकाळी उन्हात देवीची आणि रेड्याच्या तोंडाच्या राक्षसाची लढाई होते. कुठलं सोंग कुठल्या घराचं हे ठरलेलं असतं. देवी माझ्या चुलत्यांच्या घरात गेली आणि आमच्या वाट्याला आला राक्षस. लहानपणी मला याची लाज वाटायची. बाबांना मात्र त्याचा केवढा गर्व. म्हणायचे, "देवी कोन बी होईल. मराला दम लागतो."

त्या मरण्याचे नियम आहेत. मुखवटा चढला की बोलायचं नाही. नावाने किंवा नात्याने हाक आली तरी ओ द्यायची नाही. राक्षस देवीपुढे पडला की संबळ थांबतो, भगत चादर घेऊन येतो, आणि चादरीच्या आडच मुखवटा उतरतो. तोवर पडलेल्याने हलायचं नाही. मुखवटा सगळ्यांसमोर निघाला किंवा आतल्याने हाकेला ओ दिली, तर सोंग त्या घरातून जातं ते जातंच, भाऊबंदांकडे. आमच्या खालच्या आळीतल्या एका घरातून मारुतीचं सोंग असंच गेलं. मुखवट्यात गांधीलमाशी शिरली आणि त्या माणसाने तो फेकून दिला. त्या घरातला म्हातारा अजून बोहाड्याच्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही.

बाबांचं सगळं बोलून झालं, फोन ठेवला, आणि टेबलाखालून आवाज आला, "पप्पा, तू राक्षस होणार?"

"एक दिवस. नाचायचं फक्त."

"मग तोंड काढल्यावर आत तू निघणार?"

"हो, म्हणजे... पण कोणी बघणार नाही."

ती टेबलाखालून बाहेर आली आणि म्हणाली, "मग तुला पोलीस नेणार."

मी हसलो. हसायला नको होतं, कारण मी हसल्यावर तिला वाटलं की मला कळतच नाहीये. त्या दिवसापासून ती माझ्या मागेच लागली. जेवताना, मोटरसायकलवर, अंघोळ घालताना एकच विषय. तिचं म्हणणं सरळ होतं. राक्षस खोटा असतो, आत माणूस असतो, तो माणूस नेहमी ओळखीचाच निघतो, आणि मग त्याला नेतात. यात कुठे चूक आहे ते दाखवा. मला दाखवता येईना. देवाधर्माचं सांगून बघितलं, त्या वेळी आत मी नसतोच म्हणून सांगितलं. तिने विचारलं, "मग तू कुठे असतोस?" बायको भाकरी थापत होती, तिला हसू आवरेना. म्हणाली, "नेऊ देत की पोलिसांना. चार दिवस तो पाय हलायचा तरी थांबेल."

गंमत तिची होती, भीती माझी. पोलिसांची कसली भीती? मला भीती होती ती मुलीची. ही पोर भर गर्दीत "पप्पा" म्हणून ओरडणार, हे मला दिसत होतं. मी ओ दिली तर सोंग जाणार. ओ नाही दिली तर तिचा बाप समोर असून तिला ओळख देत नाही, असं होणार. दोन्हीकडून मरण माझंच. रस्त्याने जाताना, ग्राहकाशी बोलताना माझ्या कानात तीच हाक यायची. कोणी कुणाच्या पप्पाला हाक मारली तरी मी दचकायचो.

"हिला इथेच ठेवू या का, शेजाऱ्यांकडे?" मी बायकोला विचारलं.

"आणि तुझ्या बाबांना काय सांगू? नात का नाही आणली म्हणून?"

तेही खरंच. नात आली नाही तर बाबांनी सोंग बघण्याऐवजी रस्त्याकडेच डोळे लावले असते. शेवटी ठरलं की बायकोने तिला पार मागे, चिंचेखाली घेऊन उभं राहायचं, आणि हात सोडायचा नाही.

आदल्या दिवशी आम्ही पाड्यावर पोचलो. जत्रेची दुकानं लागली होती, भिंगऱ्या, बांगड्या, बर्फाचे गोळे. आणि चिंचेखाली, बायकोने उभं राहायचं नेमकं त्याच जागी, बंदोबस्ताचा पोलीस खुर्ची टाकून बसला होता. पोट सुटलेला, चेहऱ्याने साधा माणूस, टोपीने वारा घेत होता. मुलीने त्याला पाहिलं आणि माझं बोट इतकं घट्ट धरलं की कळ आली.

"गर्दी असते ना, म्हणून येतात ते," मी म्हटलं.

"पोलीस शेवटी येतात," ती म्हणाली. "हा आधीच का आलाय?"

संध्याकाळी बाबांनी आढ्यावरून मुखवटा उतरवून माझ्या पुढ्यात ठेवला. सावरीच्या लाकडाचा, काळ्या रंगाचा, दर वर्षी रंगाचा नवा हात दिलेला. शिंगं खऱ्या रेड्याची. मुलगी दारातूनच बघत होती. बाबांनी तिला जवळ बोलावलं, पण ती आली नाही. मग बाबा मला म्हणाले, "तुला नाकाच्या भोकातून दिसल. डोलं नुसतं रंगवलेलं हायत. खाली बघून नाचाचा. आन् हाक आली तर?"

"ओ द्यायची नाही."

"माझी हाक आली तरी. मी मेलू तरी."

"बाबा!"

"सोंग चढला का आपुन नसतू," ते म्हणाले आणि गुडघे धरून उठायला लागले. मी हात दिला. सोंग सोडताना त्यांना काय वाटत होतं ते त्यांच्या हातावरूनच कळत होतं, माझा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या हयातीत सोंग एकदाही डळमळलं नव्हतं, आणि मी पहिल्याच वर्षी घालवून बसलो तर त्यांना तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

सकाळी मला तयार केलं. मानेला आणि कानामागे काळा रंग, कमरेला घोंगडी, हातात काठी, पायात घुंगरू. मुखवट्याच्या आत पाठीमागे चिंध्या भरून तो डोक्याला आवळतात, तोंडावर लाकूड दाबलं जातं. आत माझाच श्वास माझ्याच तोंडावर येत होता. समोरचं काही दिसत नव्हतं, नाकाच्या भोकांतून फक्त जमीन दिसायची, आणि लोकांचे पाय. एका जागी न बसणाऱ्या माणसाला डोक्यावर लाकडी खोकं घालून उभं केलं की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मला पळत सुटावंसं वाटत होतं. संबळ वाजला आणि मी नाचायला लागलो, ते नाचणं भक्तीने कमी आणि जिवाच्या तगमगीने जास्त होतं. लोक म्हणत होते, "राक्षस औंदा जोरात हाय."

मी पाय बघत होतो. चपला, अनवाणी पाय, एका म्हाताऱ्याची काठी. मुलीच्या पायात लाल सँडल होते, ते दिसत नव्हते याचं बरं वाटत होतं. बायकोने तिला मागे धरून ठेवलं असणार.

पण एक गोष्ट आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. सोंग दारात आलं की घरच्या बाईने त्याच्या पायांवर पाणी घालायचं असतं. आमच्या दारात आई होती तोवर आई घालायची. आता ते काम बायकोचं, आणि ते ऐन वेळी बाबांनी तिला हाक मारल्यावर तिला आठवलं. मी आमच्या दारापुढे पोचलो तेव्हा मला तिचे पाय दिसले, जोडवी दिसली, तांब्या धरलेले दोन्ही हात दिसले. दोन्ही हात! पायांवर गार पाणी पडलं आणि मी तिच्या आजूबाजूला लाल सँडल शोधत राहिलो. ते कुठेच नव्हते.

त्यानंतरचं नाचणं मला नीट आठवतही नाही. प्रत्येक पावलाला वाटे, आता हाक येणार. कान नुसते ताठ. संबळाच्या आवाजात कुठलंही पोर ओरडलं की माझं पाऊल चुकत होतं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत चुलतभाऊ देवीचं सोंग घेऊन समोर आला, त्याच्या तलवारीचं टोक आणि हिरव्या लुगड्याचा काठ तेवढा दिसला. आम्ही फेर धरले. तो वार करी, मी मागे सरे, लोक ओरडत. शेवटचा वार झाला आणि मी पडलो. बाबांनी शिकवलं होतं तसाच पडलो, आधी गुडघे, मग कूस, मग पाठ, मुखवटा आभाळाकडे. आता नाकाच्या भोकांतून आभाळ दिसत होतं, पांढरं, तापलेलं.

संबळ थांबला.

इतकी माणसं असून तिथे तेव्हा पाखराचा आवाज ऐकू येतो. भगत चादर आणायला देवळात गेला होता. मी श्वास धरून पडलो होतो. आणि त्या शांततेत धावत येणारी पावलं ऐकू आली, बारीक, सँडलच्या टाचा आपटत येणारी. मनात म्हटलं, झालं. आता ती हाक मारणार. बाई गं, नको मारूस. आणि त्याच वेळी, खरं सांगतो, तिने हाक मारली तर मी ओ देणार, हेही मला त्या क्षणी कळून चुकलं. सोंग जाऊ दे, घर जाऊ दे, बाबा आयुष्यभर न बोलू देत. तिने हाक मारल्यावर मला गप्प पडून राहता आलं नसतं.

तिच्यामागोमाग बुटांचा आवाज आला. पोर मध्येच कुठे घुसली म्हणून तो पोलीस तिला उचलायला येत होता. "ए बाळा, इकडे ये," असं काहीतरी तो चांगुलपणाने म्हणाला आणि वाकला. त्याची सावली माझ्यावर पडली.

तेवढ्यात माझं आभाळ बंद झालं. ती माझ्या तोंडावर आडवी पडली होती. दोन्ही हातांनी तिने शिंगं धरली होती आणि सगळं अंग मुखवट्यावर दाबलं होतं. आणि ती ओरडली, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"काढू नका! आत कोणी नाहीये! माझे पप्पा डहाणूला आहेत, दुकानात आहेत! आत कोण्णी नाहीये!"

कोणीतरी हसलं. कोणीतरी त्याला गप्प केलं. पोलीस, मला नंतर लोकांनी सांगितलं, हात तसाच पुढे धरून वाकलेला उभा राहिला. मला फक्त अंधार होता, तिच्या फ्रॉकचा साबणाचा वास होता, आणि लाकडातून जाणवणारी तिची धडधड. मग तिने तोंड मुखवट्याच्या नाकाशी आणलं. अगदी हळू, कुणालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "पप्पा, हलू नको हां. मी आहे."

मी हललो नाही. मला रडू येत होतं आणि रडताना माणूस हलतो, म्हणून मी दात आवळून धरले. नाक वाहायला लागलं, ते पुसायची सोय नव्हती. एवढी मोठी भीती ती इतके दिवस उरावर घेऊन फिरत होती, आणि मला वाटत होतं की ती माझं सोंग घालवणार. तिला सोंगाशी काय घेणं होतं? तिला मला वाचवायचं होतं.

भगत चादर घेऊन आला. त्याने तिला उठवलं नाही. मोठ्याने म्हणाला, "पोरगी खरा सांगते. आत कोन नाय." मग बायकोला हाक मारली. बायको आली, तिला उचलून घेऊन गेली, आणि चादर धरली गेली.

चादरीच्या आड मुखवटा सुटला तेव्हा मी हवेला हापापलो होतो. चुलतभावाने देवीचा मुखवटा बगलेत धरूनच मला पाणी दिलं. मागच्या बाजूने बाबा भिंत धरत धरत आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच म्हणाले, "राहिला. घरात राहिला सोंग." मग त्यांनी पंच्याने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायचे तसं, जरा रगडूनच. मी त्यांच्या खांद्याला कपाळ लावलं आणि थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

देवळामागे हौदावर तोंड धुतलं, शर्ट-पँट घातली, आणि पलीकडच्या बोळातून वळसा घालून मैदानात आलो. मुलगी चिंचेखाली होती. पोलिसाने तिला बर्फाचा गोळा घेऊन दिला होता आणि आपल्या खुर्चीवर बसवलं होतं, बायको शेजारी उभी होती. गोळा वितळून हातावर ओघळत होता, ती खात नव्हती. नजर पोलिसावर ठेवून बसली होती.

मी दिसल्यावर ती खुर्चीवरून उतरली. धावत आली नाही. पोलिसाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्या, खोट्या आवाजात म्हणाली, "पप्पा! तू डहाणूहून कधी आलास?"

लाकडाचा वळ माझ्या कपाळावर उठलेला होता. पायांवर घुंगरांचे व्रण होते. बायकोने तोंडाला पदर लावला.

"आत्ताच," मी म्हटलं. "एसटीने आलो. फार गर्दी होती."

"उशीर केलास," ती म्हणाली. "राक्षस मेला."

"मेला? अरे देवा. माझं बघायचंच राहिलं."

पोलीस हसून म्हणाला, "पुढच्या वर्षी जरा लवकर या हो." मी हो म्हटलं. मुलीने मला खाली वाकायची खूण केली. मी वाकलो. तिने गोळ्याने गार झालेलं बोट जिभेवर ओलं केलं आणि माझ्या कानामागचा काळा रंग घासायला लागली, पोलिसाकडे पाठ करून, घाईघाईने, मला चांगलंच दुखेपर्यंत. सगळा निघेपर्यंत मी हललो नाही.